नोंद नसलेली ठेव

२०१२ साली लंडनला ऑलिम्पिक भरले, तेव्हा तिथल्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये ऑलिम्पिकच्या इतिहासाचे एक प्रदर्शन मांडण्यात आले होते. आधुनिक ऑलिम्पिकच्या शंभराहून अधिक वर्षांतून सोळा खेळाडू त्यासाठी निवडले गेले. त्या सोळांत भारतातला एकच होता. चंदीगडचे सरदार बलबीरसिंग. १९४८, १९५२ आणि १९५६ अशा तीन ऑलिम्पिकांत हॉकीचे सुवर्णपदक मिळवणारे. प्रदर्शनात ठेवायला त्यांच्या वापरातल्या वस्तू हव्या होत्या, आणि मेलबर्नला भारताचा कर्णधार म्हणून त्यांनी अंगावर घातलेला ब्लेझर ही त्यांतली सर्वांत बोलकी वस्तू ठरली असती. पण ब्लेझर त्यांच्या घरी नव्हता. तो त्यांनी १९८५ सालीच भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या हवाली केला होता. दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये एक क्रीडा संग्रहालय करण्याचे तेव्हा घाटत होते. त्यासाठी तो ब्लेझर, आयुष्यभरात मिळवलेली छत्तीस पदके आणि शंभरावर दुर्मिळ छायाचित्रे असा सगळा ऐवज या गृहस्थाने उचलून दिला. स्वतःपाशी ठेवली ती ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदके. २०१२ साली घरच्यांनी ब्लेझराची चौकशी केली तेव्हा तो सापडेना. पदकेही सापडेनात आणि छायाचित्रेही सापडेनात.

बलबीरसिंग २५ मे २०२० रोजी मोहालीच्या रुग्णालयात वारले. वस्तू तोवर मिळाल्या नव्हत्या.

क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या पिढ्यांना या माणसाची ओळख करून द्यावी लागते. ध्यानचंद हे नाव निदान ऐकून तरी माहीत असते. बलबीरसिंग म्हटले की ‘कुठले?’ असा प्रश्न येतो. तो अगदीच गैर नाही. भारतीय हॉकीत बलबीरसिंग इतके झाले, की १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकच्या संघात या नावाचे तिघे जण एकाच वेळी होते. समालोचकाचे काय हाल झाले असतील कोण जाणे! म्हणून आपल्या या बलबीरसिंगांच्या नावापुढे ‘सीनियर’ ही शेपटी लागली ती कायमची.

जालंधर जिल्ह्यातले हरिपूर खालसा हे त्यांचे गाव. वडील दलीपसिंग शिक्षक आणि स्वातंत्र्यसैनिक, तुरुंगवास भोगलेले. बालपण मोग्याला गेले. शिकायला लाहोरच्या शीख नॅशनल कॉलेजात असताना हरबेलसिंग नावाच्या प्रशिक्षकाची या पोरावर नजर गेली आणि त्यांनी त्याला अमृतसरच्या खालसा कॉलेजात ओढून नेले. पुढे पंजाब विद्यापीठाचा हा सेंटर फॉरवर्ड इतका गाजू लागला, की पंजाब पोलिसांचे इंग्रज महानिरीक्षक सर जॉन बेनेट यांना तो आपल्या संघात हवासा वाटला. इथे कथेला एक मजेदार वळण लागते. स्वातंत्र्यसैनिकाच्या मुलाला गोऱ्याच्या पोलिसात जायचे नव्हते. तो निसटून दिल्लीला गेला आणि तिथे बांधकाम खात्याकडून खेळू लागला. बेनेटसाहेबांनी माणसे पाठवली, बेड्या घालून त्याला जालंधरला आणवले आणि दोन पर्याय समोर ठेवले: पोलिसांकडून हॉकी खेळ, नाहीतर तुरुंगात जा. ही हकिगत बलबीरसिंग म्हातारपणी मोठ्या मिस्कीलपणे सांगत. खेळाडूंना नोकरीत घेण्याचे पुढे आपल्याकडे नियम झाले, कोटे झाले, रेल्वे आणि बँका त्यात आल्या. पण बेड्या घालून भरती केलेला खेळाडू दुसरा कुणी माझ्या ऐकिवात नाही.

१९४७ साली एकसंध पंजाबच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. त्या संघात हिंदू होते, शीख होते, मुसलमान होते. अली इक्तिदार शाह दारा हे त्याचे कर्णधार. १९३६ला बर्लिनमध्ये ध्यानचंदांच्या संघातून भारतासाठी सुवर्णपदक मिळवलेले. काही महिन्यांत फाळणी झाली. बलबीरसिंग लुधियानाला पोलिसाच्या गणवेषात रस्त्यांवर जे दिसेल ते पाहत होते. दारा सरहद्दीपलीकडे गेले. पुढच्याच वर्षी लंडनला पाकिस्तानचा संघ उतरला तो दारांच्या नेतृत्वाखाली. एका वर्षापूर्वी ज्याच्या हाताखाली खेळलो, तो आता परक्या देशाचा कर्णधार. यावर कादंबरीकाराने काही लिहायला जाऊ नये. घडलेल्या गोष्टीच्या पासंगालाही ते पुरणार नाही.

लंडनला गेलेल्या भारतीय संघातही फाळणीचे व्रण होतेच. पंजाबची निम्मी ताकद पलीकडे गेली होती. ती उणीव भरून काढण्यात मुंबईचा वाटा मोठा होता, हे आपण विसरलो आहोत. गोलरक्षक लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, मॅक्सी वाझ, लॉरी फर्नांडिस अशी गोव्याशी नाते सांगणारी आडनावे त्या यादीत दिसतात, ती मुंबईच्या मैदानांवर घडलेली मंडळी. कर्णधार किशनलाल. बलबीरसिंगांचे नाव पहिल्या यादीत नव्हते. ते मागाहून घातले गेले. पहिल्यांदा संधी मिळाली ती अर्जेंटिनाविरुद्ध. भारताने तो सामना ९-१ असा जिंकला आणि त्यातले सहा गोल एकट्या बलबीरचे होते. एवढे करूनही पुढच्या सामन्यात त्यांना बाहेर बसवण्यात आले! उपांत्य सामन्यातही तेच. संघातले राजकारण आजचे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे. शेवटी लंडनमध्ये शिकणारी काही भारतीय मुले थेट हायकमिशनर कृष्ण मेनन यांच्याकडे तक्रार घेऊन गेली, आणि अंतिम सामन्यात बलबीरसिंग खेळले.

तो दिवस १२ ऑगस्ट १९४८. वेम्ब्लेचे मैदान, समोर ग्रेट ब्रिटन. इंग्रज राज्यकर्ते असताना त्यांच्या हॉकी संघाने भारताशी ऑलिम्पिकमध्ये सामना खेळण्याचा प्रसंगच येऊ दिला नव्हता. आता तो आला. भारत ४-० असा जिंकला. पहिले दोन गोल बलबीरचे. स्वातंत्र्याचा पहिला वाढदिवस तीन दिवसांवर होता. तिरंगा वर चढताना आपल्याला तुरुंगात गेलेल्या वडिलांची आठवण झाली, असे ते सांगत. संघ बोटीने परतला. मुंबईजवळ आल्यावर ओहोटीमुळे जहाज धक्क्याला लागेना, तेव्हा लोक छोट्या होड्या घेऊन समुद्रातच त्यांना भेटायला आले, ही आठवणही त्यांचीच.

१९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकची हकिगत आकड्यांनीच सांगावी. भारताने तीन सामन्यांत तेरा गोल केले, त्यांतले नऊ बलबीरचे. उपांत्य सामन्यात ब्रिटनविरुद्ध भारताचे तीनही गोल त्यांचे. २४ जुलैला हॉलंडविरुद्ध अंतिम सामना भारताने ६-१ असा जिंकला, त्यात पाच त्यांचे. पुरुषांच्या ऑलिम्पिक अंतिम सामन्यात एका खेळाडूने पाच गोल करण्याचा हा विक्रम सत्तर वर्षे उलटून गेली तरी कुणी मोडलेला नाही. त्याच्या आदल्याच दिवशी, त्याच हेलसिंकीत, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले होते. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. खाशाबांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले, हे मराठी माणसाला ठाऊक असते. ठाऊक नसते ते पुढचे. खाशाबाही पोलिसात लागले, आणि उत्तरायुष्यात पेन्शनसाठी झगडत राहिले. सरकारी मान मिळाला तो मरणानंतर. हेलसिंकीहून एकाच हंगामात परतलेल्या या दोन पोलिसांच्या नशिबाचा धागा कुठेतरी एकच आहे.

आता त्या ब्लेझरची गोष्ट. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये बलबीरसिंग कर्णधार होते. संचलनात ध्वजही त्यांच्याच हाती होता. पहिला सामना अफगाणिस्तानशी. भारताने चौदा गोल केले, पाच बलबीरचे, आणि त्याच सामन्यात त्यांच्या उजव्या हाताचे बोट मोडले. हॉकीत उजवा हात स्टिकवर खाली असतो. फटक्याची सारी मदार त्याच्यावर. व्यवस्थापकांनी ठरवले की ही गोष्ट बाहेर फुटू द्यायची नाही. कारण बलबीर मैदानात दिसला की प्रतिपक्षाचे दोन गडी त्याच्यावर नजर ठेवण्यात गुंतणार, आणि आपले बाकीचे मोकळे होणार. मधले सामने ते बसून राहिले. जर्मनीविरुद्ध उपांत्य आणि पाकिस्तानविरुद्ध अंतिम, हे दोन्ही सामने ते बोटाला प्लास्टर आणि वेदनाशामक इंजेक्शने घेऊन खेळले. सर्व जगात ज्याच्या गोलांची दहशत, तो सेंटर फॉरवर्ड निव्वळ बुजगावणे म्हणून उभा राहिला! ६ डिसेंबरचा अंतिम सामना भारताने १-० असा जिंकला. गोल रणधीरसिंग जंटल यांचा. पाच सामन्यांत भारताने अडतीस गोल केले आणि एकही खाल्ला नाही. पराभूत पाकिस्तानी संघात लतीफुर रहमान आणि अख्तर हुसेन हे दोघे होते. आठ वर्षांपूर्वी लंडनला बलबीरसिंगांच्याच बरोबरीने भारताचे सुवर्णपदक स्वीकारलेले.

अंगावरच्या कपड्याला इतिहास चिकटतो म्हणतात तो असा. त्या ब्लेझरची किंमत ही आहे.

१९५७ साली बलबीरसिंगांना पद्मश्री मिळाली. खेळाडूला मिळालेली ती पहिलीच पद्मश्री. पुढच्या वर्षी डोमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन समुद्रातल्या छोट्या देशाने मेलबर्नच्या विजेत्यांवर टपाल तिकिटे काढली, त्यांतल्या एकावर बलबीरसिंग झळकले. ज्या देशात हॉकीची स्टिक क्वचितच कुणी हाती धरत असेल, त्या देशाने ही आठवण ठेवली.

खेळ थांबल्यावर माणसे एकतर आठवणींवर जगतात किंवा कुरकुरतात. बलबीरसिंग पुन्हा कामाला लागले. १९७५च्या क्वालालंपूर विश्वचषकासाठी भारतीय संघ त्यांच्या हवाली करण्यात आला. सराव शिबिर चंदीगडला पंजाब विद्यापीठात भरले. त्या शिबिराच्या काळातच त्यांचे वडील गेले आणि पत्नीला मेंदूतल्या रक्तस्रावाने रुग्णालयात न्यावे लागले. तरी शिबिर त्यांनी फार काळ सोडले नाही. हे योग्य की अयोग्य, मला ठरवता येत नाही. आपल्या पिढीतल्या कर्त्या पुरुषांनी घराची अशी परवड पुष्कळदा केली आणि तिला कर्तव्य हे नाव दिले. संघात ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार होते, अस्लम शेर खान होते. अंतिम सामन्याआधी बलबीरसिंगांनी अस्लमला नमाजासाठी मशिदीत नेले, स्वतः बरोबर गेले. १५ मार्चला भारताने पाकिस्तानला २-१ असे हरवले. पुरुष हॉकीचा विश्वचषक भारताने जिंकला तो तेवढा एकदाच. १९८२ साली दिल्लीच्या एशियाडची ज्योत पेटवण्याचा मानही त्यांच्याकडे आला. आणि त्यानंतर तीन वर्षांनी त्यांनी तो ऐवज दिल्लीला दिला.

इथे मला माझ्या जुन्या नोकरीविषयी दोन शब्द सांगायला हवेत. मी बँकेत तीसहून अधिक वर्षे काढली. बँकेत ‘सेफ कस्टडी’ नावाचा एक प्रकार असे. लॉकर सर्रास झाले तसा तो मागे पडला. गिऱ्हाईक एखादी पेटी किंवा पाकीट आणून देई. त्यावर लाखेचे सील, सीलवर त्याची सही. बँक पावती देई आणि एका जाडजूड रजिस्टरात नोंद करी: दिनांक, नाव, वर्णन, कुणी घेतले, कुणी तपासले. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोघांकडे. एकट्याला ती उघडता येत नसे. आत सोने आहे की आजोबांची पत्रे, याच्याशी रजिस्टराला कर्तव्य नव्हते. अधिकाऱ्याची बदली झाली की नवा माणूस जुन्यासमोर एकेक पाकीट मोजून घेई, मग दोघे सह्या करीत. याला चार्ज देणे-घेणे म्हणत. तपासणीला येणारे इन्स्पेक्टर पुन्हा मोजत. कंटाळवाणे काम. आम्ही सगळे त्याच्या नावाने बोटे मोडत असू. पण ठेवणारा मरून गेल्यावर कित्येक वर्षांनी त्याची मुले पिवळी पडलेली पावती घेऊन काउंटरवर उभी राहात, आणि ते पाकीट, त्याच सीलसकट, त्यांच्या हातात पडे. त्यात कुणाला काही थोर वाटत नसे. रजिस्टर होते, म्हणून ते मिळे.

बलबीरसिंगांच्या ऐवजाच्या बाबतीत नेमके हेच घडले नाही. कुटुंबाने माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केले, वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, मंत्र्यांच्या भेटी घेतल्या. अशा वस्तू आल्याची नोंद आपल्या दप्तरी नाही, या आशयाचे उत्तर प्राधिकरणाकडून आले. ते संग्रहालय तर त्या वेळी योजले होते तसे उभेच राहिले नाही. कुणी तरी चोरून नेले, असे लोक चटकन म्हणतात. मला माझ्या नोकरीचा अनुभव निराळे सांगतो. सरकारी कार्यालयात वस्तू बहुधा चोरीला जात नाहीत; त्या चार्जच्या यादीतून गळतात. एक अधिकारी आदराने त्या घेतो, कपाटात ठेवतो. त्याची बदली होते. यादीत फायली, टेबले आणि पंखे असतात, ब्लेझर नसतो. पुढचा येतो त्याला ते जुने कापडाचे गाठोडे वाटते. कचेरी इमारत बदलते, स्टेडियमची डागडुजी निघते. प्रत्यक्षात काय झाले ते चौकशीशिवाय कळणार नाही. पण असे झाले असेल, तर त्यात एकही गुन्हेगार सापडणार नाही आणि म्हणूनच ते अधिक गंभीर आहे.

या माणसाच्या वाट्याला नोंदींचे दुर्दैव एकूणच आले. त्यांच्या जन्माच्याही दोन तारखा सांगितल्या जातात, एक १९२३ सालची, एक १९२४ची. १९३२ किंवा १९३६च्या भारतीय संघांविषयी काही शोधायला जा, युरोपातल्या संग्रहांकडे हात पसरावा लागतो. ऑलिम्पिकमध्ये आठ सुवर्णपदके मिळवणाऱ्या देशाच्या हॉकीची ही अवस्था.

उपाय म्हणून काय सुचवले जाते? भारतरत्न द्या. पंजाबच्या मुख्यमंत्र्यांनी २०१९ साली तशी शिफारस केली होती. ते मिळालेले नाही. मृत्यूनंतर मोहालीच्या हॉकी स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले. नाव देणे आपल्याला छान जमते. एक फलक लागतो, फीत कापली जाते, भाषण होते, दुपारपर्यंत काम संपते. वस्तू सांभाळायला मात्र रोज एक माणूस लागतो. डांबराच्या गोळ्या घालणारा, छायाचित्रांच्या पाठीवर नावे लिहिणारा, वर्षाअखेर मोजून सही करणारा. त्या माणसाच्या पगाराची तरतूद कुठल्याच अंदाजपत्रकात ठळकपणे दिसत नाही, आणि त्याच्या कामाचे उद्घाटन करायला कुणी मंत्री येत नाही.

आज खेळाडूंच्या घरोघरी अशी पेटाऱ्यांत पडलेली पदके आहेत. त्यांची मुले-नातवंडे विचारतात, कुणाला द्यावे? बलबीरसिंगांचे उदाहरण समोर असताना, सरकारला द्या, असे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? एका ब्लेझराच्या पलीकडे झालेले नुकसान ते हे आहे. पुढे येऊ शकणारी शंभर गाठोडी त्यामुळे घरातच कसरीच्या तोंडी पडणार आहेत.

म्हणून सन्मानांची चर्चा थोडी बाजूला ठेवावी आणि प्राधिकरणाने एक साधे काम करावे. १९८५ पासून दिल्लीच्या त्या कार्यालयात कोण कोण अधिकारी होते, कुणी कुणाकडून चार्ज घेतला, त्या याद्यांवर काय लिहिले आहे, स्टेडियमच्या गोदामांत आणि पतियाळाच्या क्रीडा संस्थेत बंद पेट्या किती आहेत, त्या कधी उघडल्या गेल्या, हे सारे दोन माणसांना बसवून तपासून घ्यावे आणि निघेल ती यादी, अपुरी असली तरी, जाहीर करावी. बलबीरसिंगांची मुलगी आणि नातू यांनी मागितले होते ते एवढेच.